दुसरा डोळा

काकांच्या कारखान्यात बोलायला बंदी असायची ती फक्त आखणीच्या वेळी. एरवी तिथं दिवसभर गलका. शाडू चाळणाऱ्या चाळणीची खसखस, काथ्या कुटायचा धपधप आवाज, मूर्तींचे पाट ठोकताना रहीमभाई सुतारांनी खिळ्याला घातलेल्या शिव्या, आणि रस्त्यावरून पुण्याकडं जाणाऱ्या ट्रकांचे भोंगे. पण गणपतीचे डोळे रंगवायची वेळ आली, म्हणजे आखणीची, की काका नुसता हात वर करत आणि सगळं जागच्या जागी थांबे. काका पाटावर मांडी घालून बसत. मूर्तीपुढं पितळी ताटलीत मूठभर ज्वारी ठेवायची, कारण देवाची पहिली नजर धान्यावर पडली पाहिजे. मग खारीच्या केसांचा ब्रश. काका श्वास पुरता सोडून द्यायचे आणि रिकाम्या छातीनं बुबुळ टेकवायचे. एक डोळा झाला की दुसरा त्याच बैठकीत झाला पाहिजे, मधे उठायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. काकांना हे त्यांच्या वडलांनी शिकवलं होतं. "एका डोळ्याचा देव ठिवून उठलास, तर त्यो त्या डोळ्यानं तुलाच बघत बसतो," असं वडील म्हणायचे म्हणे.

ही रीत मी पहिल्याच आठवड्यात शिकले, मोडून. काकांचा एक डोळा आखून झाला होता आणि मी दारातून मोठ्यांदा विचारलं, "काका, चहा आणू?" रहीमभाईंनी तोंडावर हात ठेवला. काकांनी मान वळवली नाही. दुसरा डोळा पुरा केला, ब्रश धुतला, आणि मग म्हणाले, "आन. पन आता दोन कप आन. तुझं तोंड पांढरं फटक पडलंय." मी जन्माची घाबरट. कुणी रागावणार असं वाटलं की मी दारामागं सरकते, आज सत्तरीतही. त्या दिवशी कुणी रागावलं नाही, हे मी विसरले नाही.

मी कोकणातल्या खाडीकाठच्या गावातली. वडील गेले, आम्ही तिघं भावंडं, मी मोठी. सातवीत असताना शाळा सुटली आणि आईनं मला घाटावर मावशीकडं पाठवलं, नगरजवळ केडगावला. मावशीचं लग्न नगरातच लागलं होतं, लष्कराच्या डेपोत कामाला असलेल्या एका नातेवाइकाच्या ओळखीनं. काका सासुरवाडीला कधी आलेच नव्हते. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता आणि पाहायची हौसही नव्हती. "खारट पान्यात काय बघायचं? शाडू बी भिजत न्हाई त्यात नीट," म्हणायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला वाटायचं, मी इथं पाहुणी आहे, कधीही म्हणतील, जा बाई आता. म्हणून मी कुणी सांगायच्या आत उठायची, पाणी भरायची, शाडू मळायची, पडलेली भाकरी उचलून खायची. मावशी एकदा म्हणाली, "अगो, उंदरासारखी काय फिरतेस? घर तुझंच हाय." तिच्या बोलीत निम्मं कोकण आणि निम्मं नगर होतं. मी हो म्हटलं आणि पुन्हा उंदरासारखीच फिरू लागले.

ती दुष्काळाची वर्षं. दुष्काळाविषयी पुष्कळांनी लिहिलंय, मी फक्त मिलोविषयी लिहिते. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, परदेशातली, जनावरांना घालायची ज्वारी असं लोक म्हणत. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात जागोजाग थांबायची. मावशी त्यात हुलग्याचं पीठ मिसळी, तरी रंग तांबडाच. भाताच्या आठवणीनं मी पांघरुणात तोंड घालून रडत असे. त्यात उत्तरेकडच्या माळावर लष्कराच्या तोफांचा सराव चाले. दूरवर धम्म् व्हायचं, आणि क्षणभरानं कारखान्यातल्या फळ्यांवर वाळत ठेवलेल्या दोनशे मूर्ती एकमेकींना लागून किणकिणायच्या. कोरड्या हवेत तो आवाज फार वेळ राहायचा. रहीमभाई म्हणायचे, "बाप्पांना हिवताप आला." आम्ही हसायचो.

त्या वर्षी आखणीच्या वेळी ताटलीत ठेवायला ज्वारी नव्हती. मावशीनं मिलो ठेवली. काकांनी ताटलीकडं पाहिलं आणि आखणी केली. सगळे देव त्या वर्षी पहिल्यांदा तांबड्या दाण्याकडं पाहत उघडले.

विसर्जनाला नदीत पाणी नव्हतं. आमच्या वस्तीतले गणपती तात्यांच्या पेरूबागेतल्या विहिरीत सोडायचं ठरलं, तिथं पोटरीभर पाणी होतं. तेही चार दिवसांत आटलं. पाणी लागलं तेवढ्या मूर्ती विरघळल्या, म्हणजे पाय गेले, पोटं गेली, आणि डोकी चिखलात बसली. पंधरा दिवसांनी तात्या कारखान्यात आले, टोपी काढून काकांना म्हणाले, "अण्णा, तुमचं देव जरा बघून घ्या. डोळं उघडं ठिवून बसल्यात. बाया बागंत यायला तयार न्हाईत."

काका गेले, मीही मागोमाग गेले. आमच्या गावाला विहीर म्हणजे हाताला लागेल असं पाणी. इथं वाकून पाहिलं तर खोल, कोरडं, अंधारं, आणि तळाशी तीस-चाळीस तोंडं वर पाहणारी. शाडू वाळून पांढरा पडला होता, पण काकांचे डोळे जसेच्या तसे. काकांचे डोळे नावाजलेले होते, बघणारा कुठंही उभा राहिला तरी ते त्याच्याकडंच पाहतात असं नगरातले लोक सांगत. विहिरीच्या काठावर ते खरं निघालं. मी डावीकडं सरकले, उजवीकडं सरकले. काका हललेच नाहीत. परत येताना ते एवढंच म्हणाले, "मिटाय पायजे हुतं कुनीतरी."

त्यानंतर काका बदलले ते एकदम नाही, हळूहळू, भिंतीत ओल चढावी तसे. जेवताना मधेच विचारायचे, "झाकलं का?" काय झाकायचं ते मावशीला कळायचं नाही, ती उगाच भाकरीवर फडकं टाकायची. मग त्यांनी कारखान्यातल्या जुन्या मूर्तींची तोंडं भिंतीकडं केली. होळीनंतर नव्या हंगामाचं काम सुरू झालं. साचे भरले, मूर्ती वाळल्या, पांढऱ्या रंगाचा पहिला हात झाला, अंगरंग झाला, आणि आखणीला काका बसले की हात मूर्तीपासून वीतभर अंतरावर थांबायचा. श्वास सोडायचे आणि घ्यायलाच विसरायचे. चेहरा काळानिळा पडला की रहीमभाई त्यांना मागून धरून हलवायचे. ब्रश खाली. वैशाख आला तरी दोनशे देव आंधळे उभे होते. तोफ वाजली की किणकिणत. आता कुणी हसत नव्हतं.

कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं देवीपुढं नेऊन बसवा. रहीमभाई भिंगारच्या एका डॉक्टरांचं फर्निचर करून आले होते. ते डॉक्टर लष्करातून निवृत्त झालेले, लढाईवरून आलेल्या आणि झोपेत ओरडणाऱ्या जवानांवर त्यांनी वर्षानुवर्षं उपचार केलेले. "सुई न्हाई, गोळी न्हाई," रहीमभाई सांगत होते. "पलंगावर निजवत्यात, सोता पाठीमागं खुर्ची घेऊन बसत्यात, आन् म्हनत्यात, मनात येईल ते बोला."

"मनात येईल ते?" काका म्हणाले. "मग तर ही मला घराबाहेर काढंल."

किती दिवसांनी काकांनी थट्टा केली होती. मावशी पदरानं डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "जा तुमी. सुमन येईल सोबतीला."

दर मंगळवारी आम्ही जायचो. काका आत पलंगावर, डॉक्टर त्यांच्या डोक्यामागं खुर्चीत, आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर. दार अर्धं उघडं असायचं. पहिल्या दोन मंगळवारी काका घोरले. तिसऱ्या वेळी मी त्यांचा आवाज ऐकला.

"ह्ये खूळ काढलंत तर हातबी जाईल का, त्ये आदी सांगा."

"हात तुमचा आहे, अण्णा. भीतीचा नाही."

"तुमी कधी डोळा आखलाय?"

"नाही."

"मग कशाच्या जोरावर सांगता?"

आत खुर्ची करकरली. मग डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. मला माहीत नाही." आजवर मी पुष्कळ शहाणी माणसं पाहिली, पण 'मला माहीत नाही' असं इतक्या सरळ म्हणणारा माणूस पुन्हा भेटला नाही. पुढं वाचनालयातून आणून मी मनाच्या डॉक्टरांविषयी थोडंफार वाचलं. वेडाशिवाय कला नाही असं लोकांना म्हणायला आवडतं, हे तेव्हा कळलं. मी जवळून पाहिलं आहे आणि मला तसं म्हणवत नाही. काकांचे सगळ्यात चांगले डोळे ज्या वर्षांत उतरले, त्या वर्षांत ते दुपारी जेवून तोंड उघडं टाकून झोपत असत.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. काका बोलत नाहीत तेवढं स्वप्नात बोलत असतील, असं त्यांचं म्हणणं. सकाळी उठल्या उठल्या, तोंड धुवायच्या आत, स्वप्न सांगायचं आणि मी ते शब्दाला शब्द उतरवायचं, कारण काकांना लिहिता येत नव्हतं. मंगळवारी ते आधी वही वाचणार, मग काकांशी बोलणार. त्यांनी मला निळ्या पुठ्ठ्याची वही दिली. शाळा सुटल्यावर हातात आलेली ती पहिली कोरी वही. मी तिचा वास घेत घरी आले. काका वाटेत म्हणाले, "तोंड न धुता सांगायचं! वास हाय तसाच डागदरापतुर पोचायला पायजे, त्याचं आवशीद हाय ह्ये."

पहिल्या सकाळी मी अंथरुणाशेजारी पेन्सिल घेऊन बसले. काका छताकडं पाहत म्हणाले, "बाप आलता. दारात हुबा हुता, डोळं उघडं. मी बोटानं पापन्या खाली वढायचो, सोडलं की परत वर. मिटंचनात."

मावशी चुलीपाशी होती. फुंकणी हातातच राहिली. काका मोरीकडं गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "सुमे, हे असलं अभद्र लिहू नको गो. मेलेल्या माणसाचे डोळे! डॉक्टर वाचतील नि म्हणतील हा पुरता गेला. उचलून पुण्याला नेतील वेड्यांच्या इस्पितळात. मग मी काय करू? नि तुला तरी कुठं ठेवू?"

शेवटचं वाक्य ती सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या कानात मात्र तेवढंच राहिलं. "मग काय लिहू?"

"काहीतरी बरं लिही. जरा सोज्वळ."

मी सोज्वळ लिहिलं. पहिल्या दिवशी लिहिलं की काका नावेत बसलेत आणि पाणी संथ आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की विहिरीतली डोकी एकमेकांशी कुजबुजत होती. मी लिहिलं की भरतीचं पाणी अंगणापर्यंत आलं आणि शिंपले टाकून परत गेलं. मी लिहीत गेले. भाताची शेतं, माडांच्या सावल्या, दारात कुणीतरी वाट पाहतंय. खरं सांगते, लिहिताना मला फार बरं वाटायचं. मिलोची भाकरी, आंधळ्या मूर्ती, सगळं पेन्सिलीच्या टोकापाशी थांबायचं. काकांच्या तोंडून येणारी स्वप्नं रोज काळी होत होती आणि माझ्या हातून उतरणारी रोज हिरवी. मंगळवारी डॉक्टर वही वाचून मान हलवत, कधी हसत, आणि वहीतलं काही काकांना विचारत नसत, ते आपण होऊन बोलतील म्हणून. "छान. मन मोकळं होतंय," म्हणाले एकदा. एवढी शाबासकी मला शाळेत मिळाली नव्हती. जो निचरा काकांचा व्हायचा होता तो माझा चालला होता, हे त्या वयात कसं कळणार? पण खोटं लिहितोय हे कळत होतं. त्याला वयाची सबब नाही.

सहा आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता पंधरा दिवसांनी या. प्रगती चांगली आहे." त्या आठवड्यात काकांनी जेवण निम्म्यावर आणलं होतं.

मग ती सकाळ. मावशी बाहेर अंगण झाडत होती. काका अंथरुणात उठून बसलेले, आवाज अगदी शांत. इतका शांत की मला हायसं वाटलं. म्हणाले, "लिव. मी हिरीत उतरलो. समदे बसल्याले. म्हनले, तू आमाला तांबडं दाखवलंस. आमचं काय म्हननं न्हाई. पन आता मीट. मी म्हनलो, येतो, रंग घिऊन येतो. त्यात बाप बी हुता." मग माझ्याकडं पाहून हसले. "लिवलंस का?"

"लिहिलं, काका."

मी लिहिलं होतं की काका मिरजगावला बहिणीकडं गेलेत, तिथल्या ओढ्याला पाणी आहे, बहीण म्हणते चार दिवस राहा.

पाणी भरून परतले तोवर काका घरात नव्हते. मावशीला वाटलं कारखान्यात, कारखान्यात वाटलं घरी. रहीमभाईंनी रस्ता, बस थांबा, देवीचं देऊळ पाहिलं आणि मग ते सायकल मारत भिंगारला जाऊन डॉक्टरांनाच घेऊन आले, त्यांच्या काळ्या गाडीतून. डॉक्टर आत आले, चप्पलही काढली नाही. "वही दे." शेवटचं पान काढलं, वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं. "मिरजगावला कोण असतं?"

"नणंद माझी," मावशी म्हणाली.

"तिथंच गेलेत. आज सकाळचंच स्वप्न आहे, आणि पाणी, बहीण... चला, रहीमभाई. दीड तासाचा रस्ता आहे."

मी तिथंच उभी होते. हातभर अंतरावर. तोंड उघडलं असतं तर चार शब्दांचं काम होतं. पण ते चार शब्द म्हणजे मी खोटारडी, मावशीनं सांगितलं म्हणून खोटारडी, इतके दिवस इथलं अन्न खाऊन खोटारडी. गाडी सुरू झाली. धुरळा उडाला. धुरळा खाली बसला. मी आत येऊन भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. स्वतःला सांगत होते की स्वप्नच ते, माणूस स्वप्नात म्हणतो म्हणून काय करतो का. तेवढ्यात माळावर तोफ वाजली आणि कारखान्यातून किणकिण आली, दोनशे देवांची. उन्हं डोक्यावर आली. मावशीनं काकांचं ताट वाढलं आणि त्यावर दुसरं ताट पालथं घातलं.

"जेवले असतील म्हणा मिरजगावला," ती म्हणाली. "वन्सं काय उपाशी ठेवायच्या नाहीत. बरं झालं गो सुमे, तू वहीत लिहून ठेवलंस."

मला सोज्वळ लिही म्हणून सांगणारी मावशी. तिचासुद्धा विश्वास बसला होता. माझ्या हातातलं पातेलं पडलं. "ते मी बनवलंय, मावशी. काका विहिरीत आहेत."

ती मला मारेल असं वाटलं. तिनं नुसतं पाहिलं, आणि अनवाणी पळत सुटली.

विहिरीच्या काठाशी तात्या आधीच ओणवे झाले होते. आमची हाक ऐकून नाही, खालून येणाऱ्या आवाजानं. काका आत कुणाशी तरी बोलत होते. मी वाकले. तळाशी डोक्यांच्या गराड्यात काका बसले होते, शेजारी रंगाची पेटी. विहिरीच्या भिंतीत उतरताना पाय ठेवायला बाहेर काढलेले दगड होते, त्यातला खालचा निखळलेला. तिथून पडून त्यांचा उजवा हात मनगटात भलत्याच बाजूला वळला होता. डाव्या हातात ब्रश होता. शाडूच्या रंगाचा पट्टा प्रत्येक डोळ्यावर ओढलेला, त्याखाली पापणीची काळी रेघ. वाकड्यातिकड्या रेघा, डाव्या हाताच्या. सगळे मिटले होते.

तात्यांनी दोर सोडला. "अण्णा, कंबरंला गुंडाळा, वर घेतो."

"जमत न्हाई. ह्याचा एक राह्यलाय."

"राहू द्या की! हात बघा तुमचा!"

"एक मिटवून उठायचं न्हाई, तात्या. दुसरा त्याच बैठकीत." मग वर पाहत, अगदी रोजच्यासारखं, "सुमन आलीय का? पोरी, बोटं वळंनात माझी. तू कर."

मावशी नको नको म्हणत होती. मी माडावर चढणाऱ्या घरातली, उतरायची भीती नव्हती. भीती तळाची होती. खाली हवा तापलेली, रंगाचा आणि उग्र घामाचा वास. काकांच्या मांडीवर एक डोकं होतं, डावा डोळा मिटलेला, उजवा लख्ख उघडा, आणि तो माझ्याकडं पाहत होता. काका म्हणाले, "श्वास सोड. पुरता सोड. मग टेकव." मी सोडला. रेघ ओढली. वाकडी गेली, पण लागली. काकांनी डोकं खाली ठेवलं, भिंतीला पाठ टेकली आणि मोठ्यानं रडले, लहान मुलासारखे. मग मुकाट्यानं दोर बांधू दिला.

डॉक्टर तिसऱ्या प्रहरी मिरजगावहून परतले. हात बघून त्यांचं तोंड उतरलं. सूज चढायच्या आत बसवला असता तर, असं ते रहीमभाईंना हळूच म्हणाले. मला ऐकू गेलं. काकांचा तो हात पुढं घागर उचलायचा, सायकल धरायचा, साचे भरायचा. बारीक रेघ मात्र परत आली नाही. गाडीचा धुरळा आणि पालथं घातलेलं ताट, यांच्यामधला वेळ मी आयुष्यभर मोजत आले आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवलं, पलंगावर नाही, खुर्चीवर. मी सगळं सांगितलं, मावशीचं नाव सोडून. वडलांचं स्वप्न सांगितलं. ते त्यांनी काकांना विचारलं आणि तेव्हा कुठं गोष्ट निघाली. काकांचे वडील वारले त्या दिवशी काका आखणीला बसले होते, एक डोळा झालेला. आईनं हाका मारल्या. काका रीत मोडून उठले नाहीत. दुसरा डोळा पुरा करून गेले तोवर वडलांच्या पापण्या ताठरल्या होत्या. उघड्या डोळ्यांनीच चितेवर ठेवावं लागलं. एवढंच. हे पहिल्याच सकाळी काकांनी मला दिलं होतं.

"चूक माझी जास्त आहे," डॉक्टर मला म्हणाले. "केडगावच्या माणसाच्या स्वप्नात भरती येते आणि शिंपले टाकून जाते, हे वाचून मला प्रश्न पडायला हवा होता. ही स्वप्नं कुणाची आहेत, हे मी विचारलंच नाही. मला ती आवडली म्हणून." त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "तुझी आहे. घरची आठवण येते का फार?" त्यावर मी जी रडले ती संध्याकाळपर्यंत. ते आपले बसून राहिले.

काका पुढं वर्षभर भिंगारला जात होते, आणि आता मी व्हरांड्यात न बसता बाजाराला जायची. ते बरे झाले. लोक म्हणाले, देवानं हात घेतला आणि डोकं परत दिलं. असा सौदा देव करत नाही. हात माझ्या गप्प राहण्यानं गेला, डोकं काकांच्या बोलण्यानं परत आलं. त्या साली दोनशे मूर्तींची आखणी मी केली. काका शेजारी बसून नुसते म्हणायचे, "सोड श्वास." बऱ्या नव्हत्या. एक डोळा मोठा, एक लहान. दुष्काळातल्या लोकांनी तशाच नेल्या. ताटलीत मावशीनं कुठूनशी मिळवलेली मूठभर ज्वारी होती. मला कुणी परत पाठवलं नाही. त्याच घरातून माझं लग्न झालं, तेही चार गल्ल्यांपलीकडं, आणि आखणी कायम माझ्याकडंच राहिली. त्या घराचे उपकार कोणत्या शब्दांत लिहायचे हे मला अजून साधलं नाही. वह्या पुष्कळ भरल्या.

काका गेले ते पुष्कळ वर्षांनी, हंगामातच, श्रावणात. मी आखणीला बसले होते. एक डोळा झाला होता. मावशीची हाक आली, नुसतं "सुमे" एवढीच, आणि मला कळलं. ब्रश बुडवलेला होता. मूर्ती समोर, एका डोळ्यानं उघडलेली. काकांच्या वडलांपासून चालत आलेली रीत, आणि मी जन्माची घाबरट.

मी उठले. काका अजून गरम होते. पापण्या मऊ होत्या, बोट लावताच खाली आल्या आणि खालीच राहिल्या. दोन्ही.

त्या मूर्तीचा दुसरा डोळा मी कधी आखला नाही. ती विकली नाही, बुडवलीही नाही. आता लिहिताना समोरच्या फळीवर आहे. तोफा अजून वाजतात आणि ती एकटीच थोडी हलते. काकांच्या वडलांचं म्हणणं खरं होतं. खोलीत कुठंही बसलं तरी ती त्या एका डोळ्यानं मलाच बघते. बघू दे.